दुसरी ओसरी

नागपूरला आर्किटेक्चर शिकत असताना, २०१९ च्या जानेवारीत, आमची अभ्याससहल इस्तंबूलला गेली. आमच्या फुलचूरच्या घरातून आधी परदेश पाहिला होता तो फक्त दादाजींनी, तोही हजच्या निमित्ताने. ‘इमारती पाहायला एवढा खर्च?’ दादीला काही केल्या पटत नव्हते.

तिथे कळले, की जुन्या तुर्कीत ‘इमारेत’ म्हणजे गोरगरिबांना आणि मुसाफिरांना जेवू घालणारा लंगर. मूळ अरबी शब्द एकच. आपण त्यातल्या भिंती घेतल्या, त्यांनी चूल. सुलेमानिया मशिदीच्या (१५५७) आवारात मदरसे, दवाखाना, हमाम आणि असे एक इमारेत होते. सगळे वक्फच्या उत्पन्नावर चाले. आपण मोहर्रममध्ये मांडव घालून लावतो ती सबीलही तिथे चौकाचौकांत दगडात बांधलेली. आया सोफिया तेव्हा संग्रहालय होते, २०२० मध्ये पुन्हा मशीद झाले. त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे.

मी रमले ती उस्कुदारला. एमिनोनूहून बोटीने आशियाच्या काठावर उतरले, की धक्क्यासमोरच मिहरिमाह सुलतानची मशीद. सुलतान सुलेमानच्या या लेकीने ती मिमार सिनानकडून बांधून घेतली, १५४८ मध्ये ती पुरी झाली. पुढे पाणी, मागे चढ. सहनाला जागाच नव्हती. सिनानने मग नेहमीच्या घुमटांच्या ओसरीपुढे उतरत्या छपराची आणखी एक ओसरी जोडली आणि वजूचा हौदही तिच्याच सावलीत घेतला.

सर आम्हाला खांबांमधले अंतर मोजायला लावत होते. मी बसलेली माणसे मोजत होते. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोन बाया, वही उघडलेली एक मुलगी, एक म्हातारी, तिच्या पायाशी मांजर. बाया कुणाची वाट पाहत नव्हत्या, नमाजलाही आल्या नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या, आणि ‘इथे का?’ असे कुणी विचारत नव्हते. आत मात्र बायांची जागा मागे, आडोशालाच. कौतुकाच्या भरात तेही विसरायला नको.

फुलचूरला बाईमाणसाला कामाशिवाय बसता येईल अशी जागा मला आठवेना. पानठेला, झाडाखालचा पार, मशिदीची पायरी, सारे पुरुषांचे. दादीला मात्र एक जागा होती: आमच्या कवेलूच्या घराची छपरी. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि जर्दा. शेजारच्या पोवारांच्या, महारांच्या बायाही तिथेच येऊन बिड्या वळत. सोयरिकी तिथे जुळल्या, भांडणे तिथेच मिटली. रस्त्याला लागून, तरी घरातली. सिनानची दुसरी ओसरी याहून वेगळी काय होती?

पुढे घर पाडून स्लॅबचे बांधायचे ठरले. नकाशा अर्थातच माझ्याकडे आला. चाचांना छपरीच्या जागी शटरचे दोन गाळे हवे होते. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. भाड्यातून कर्जाचा हप्ता निघाला असता. मी आठ फुटांची छपरी काढायची, ते पेन्सिलने फुली मारायचे. उस्कुदारचे फोटो दाखवले, तर म्हणाले, “वो बादशाह की बेटी थी, तू मास्टर की है.”

दादी इतके दिवस गप्प होती. एका संध्याकाळी तिने नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “और मेरी मय्यत कहाँ रखोगे? शटर के अंदर?”

चाचांनी एका गाळ्यावर काट मारली. उरलेली छपरी साडेपाच फूट रुंद आहे. एक खाट आणि तिच्या बाजूला चार बाया बसतात.