आमचं थेट प्रक्षेपण

माणसाच्या आयुष्यात पाहिलेल्या गोष्टींपेक्षा पाहायच्या राहून गेलेल्या गोष्टींची यादी नेहमीच मोठी असते. माझी यादी २ ऑक्टोबर १९७२ पासून सुरू होते. त्या दिवशी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि आमच्या घरी टीव्ही यायला त्यानंतर अकरा वर्षं लागली. तोही आला १९८३च्या जूनअखेरीस, म्हणजे कपिलदेवनं लॉर्ड्सवर विश्वचषक उचलल्यानंतर चार दिवसांनी. मधली अकरा वर्षं मी शेजाऱ्यांच्या दारात, चपलांच्या ढिगात उभं राहून टीव्ही पाहिला. खरं म्हणजे टीव्ही कमी आणि पुढच्या माणसाचं डोकंच जास्त पाहिलं. त्यातला त्यात समाधान एकाच सामन्याचं. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेविरुद्ध आपली अवस्था ५ बाद १७ असताना कपिलदेवनं नाबाद १७५ धावा काढल्या. तो सामना टीव्हीवर कुणालाच दिसला नाही. कारण तिथं कॅमेराच नव्हता! त्या एका बाबतीत टीव्ही असलेले आणि नसलेले सगळे एका पातळीवर आले.

आमचे नाना मात्र या बाबतीत स्थितप्रज्ञ. जन्मभर रेल्वेच्या हिशेबखात्यात काढल्यामुळे त्यांचं तत्त्वज्ञानही रेल्वेचंच होतं. "गेलेली लोकल आणि झालेला कार्यक्रम, यांच्या मागं धावू नये," असं ते म्हणत. शेजारीपाजारी भाड्यानं व्ही.सी.आर. आणून एका रात्रीत चार चार सिनेमे पाहत आणि सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी ऑफिसला जात, तेव्हाही मी नुसते सुस्कारेच टाकले. नानांनी तेही टाकले नाहीत.

अशा माणसाच्या घरात २००३च्या जानेवारीत मी टीव्ही ट्यूनर कार्ड आणलं.

त्याचं असं झालं. चिरंजीवांच्या अभ्यासासाठी म्हणून आम्ही कर्ज काढून संगणक घेतला होता. त्यावर चिरंजीव मोटारींच्या शर्यतींचा अभ्यास करीत. एके दिवशी लॅमिंग्टन रोडला माऊस बदलायला गेलो असताना दुकानदारानं पोस्टकार्डाएवढी एक हिरवी पाटी माझ्या हातात ठेवली. तिच्यावर एक चंदेरी डबी होती. "यात केबलची वायर खुपसा. कॉम्प्युटरवर टीव्ही दिसेल, रेकॉर्ड होईल. तुम्ही घरात नसलात तरी ठरल्या वेळेला आपोआप चालू होऊन आपोआप बंद होईल." घरात मी नसताना माझ्या सांगण्याप्रमाणे काही होईल, ही कल्पनाच मला नवीन होती. घरात मी असतानाही तसं होत नाही. मी ताबडतोब पैसे मोजले.

कार्ड बसवायला दोन रविवार लागले. केबलवाल्याला न सांगता वायरीचे दोन फाटे केले, त्यामुळे टीव्हीवर मुंग्या आल्या. मुंग्या घालवल्या, तर संगणकावर आल्या. शेवटी दोन्हीकडं निम्म्या निम्म्या वाटून घेतल्या. चित्र आलं तेव्हा आवाज नव्हता. कार्डातला आवाज साउंड कार्डात नेण्यासाठी वीतभर वायर असते, ती मी खोक्याबरोबर रद्दीत दिली होती. रद्दीवाल्यानं ती परत केली, पण दोन रुपये घेतले.

या कार्डाची सगळ्यात मोठी करामत म्हणजे चालू असलेलं थेट प्रक्षेपण मध्येच थांबवता यायचं. संगणक पुढचं पुढचं साठवून ठेवायचा आणि आपण सावकाशीनं मागून यायचं. हे मी नानांना दाखवलं.

"म्हणजे तिकडं खेळाडू थांबतात?" नानांनी विचारलं.

"खेळाडू कशाला थांबतील? आपण थांबतो."

"ते आपण नेहमीच थांबतो. त्याला एवढे पैसे कशाला?"

एकदा एका सामन्यात दारावरची बेल वाजली म्हणून मी प्रक्षेपण थांबवलं. दारात सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांना पाण्याच्या टाकीबद्दल चार मिनिटं बोलायचं होतं. ते गेल्यावर मी रुबाबात पुढचं चालू केलं. आता आमचं घर उरलेल्या देशाच्या चार मिनिटं मागं होतं! समोरच्या ब्लॉकमधून "गेलाऽऽ" अशी आरोळी आली, तेव्हा आमच्याकडं गोलंदाज अजून बुटाची नाडी बांधत होता. नाना म्हणाले, "हा टीव्ही नाही, हे भविष्यपुराण आहे. शेजारी सांगणार आणि आपण घडताना बघायचं."

असो. खरी कसोटी पुढंच होती.

१ मार्च २००३. शनिवार, महाशिवरात्र. विश्वचषकात सेंच्युरियनला भारत विरुद्ध पाकिस्तान. आणि त्याच संध्याकाळी कल्याणला आमच्या मोठ्या साहेबांचा निरोप समारंभ! सुटीचा दिवस म्हणून ही तारीख ज्यांनी ठरवली, त्यांना सामन्याचं वेळापत्रक माहीत नव्हतं. साहेबांना तर क्रिकेटच माहीत नव्हतं. बरं, आभाराचं भाषण माझ्याकडे.

पण यंदा मी निश्चिंत होतो. पाकिस्ताननं २७३ धावा केल्या, तेवढ्या पाहिल्या. साडेपाच ते दहा अशी वेळ संगणकाला नेमून दिली आणि घरच्यांना तंबी दिली : "परत आल्यावर कुणी एक अक्षर बोलायचं नाही. मी रात्री बसून पहिल्यापासून बघणार आहे." डोंबिवलीच्या त्या घरात बाहेरची खोली एकच. तिच्यात टीव्ही, त्याच्याशेजारी संगणक, संगणकासमोर स्टूल आणि नानांची खुर्ची. नाना, आई आणि चिरंजीव टीव्हीवर सामना बघणार आणि संगणक माझ्यासाठी तो मुकाट्यानं टिपून ठेवणार, अशी व्यवस्था लावून मी आणि सौ. कल्याणला गेलो.

साहेबांच्या कर्तृत्वाबद्दल मी काय बोललो ते मला आठवत नाही. आठवतो तो परतीचा प्रवास. सामन्याचा निकाल कळू नये म्हणून मी लोकलच्या डब्यात कानात बोटं घालून बसलो होतो. समोरचा गृहस्थ "सचिननं काय..." एवढं म्हणाला आणि मी मोठ्यानं खोकायला लागलो. त्यानं माणुसकीनं मला पाणी दिलं. ठाकुर्लीला फटाक्यांच्या माळा लागल्या होत्या.

"जिंकलो वाटतं," सौ. म्हणाली.

"कुणाचं तरी लग्न असेल."

"महाशिवरात्रीला? आणि सगळ्या ठाकुर्लीचं?"

घरी आलो तर सगळे तोंड मिटून बसलेले. आईनं पुढ्यात साबुदाण्याची खिचडी ठेवली, तीही नजर चुकवून. नाना भिंतीकडं तोंड करून झोपले होते. म्हणजे झोपल्याचं दाखवत होते. अकराच्या सुमाराला दिवा मालवून मी संगणकासमोर बसलो. चित्र आलं. मुंग्या होत्या, पण ओळखीच्या होत्या. सचिन आणि सेहवाग मैदानात उतरले. आणि आवाज आला :

"अहो, रक्तदाबाची गोळी घेतलीत का?"

मी दचकून मागं पाहिलं. आई तर स्वयंपाकघरात गाढ झोपली होती.

उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. आदल्या रात्री चिरंजीवांनी अमेरिकेतल्या मामाशी बोलायला माइक जोडला होता. आवाज टीव्ही कार्डातून न घेता माइकमधून घ्यायचा, अशी खूण संगणकात करून ठेवली होती आणि ती पुसायचं विसरले होते. माइक मॉनिटरवर लटकत होता. त्यामुळं चित्र सेंच्युरियनचं आणि आवाज आमच्या बाहेरच्या खोलीचा! समालोचक कुठंतरी लांब, विहिरीत बसल्यासारखे पुटपुटत होते आणि त्यांच्यावर आमची आई बोलत होती.

"यातले आपले कुठले?"

"निळे. दोघंच आहेत. बाकी सगळे हिरवे."

"दोघांवर एवढे जण? आणि तो हिरवा इतक्या लांब कुठं निघाला?"

"आजी, तो शोएब अख्तर आहे. तो तिथून पळत येऊन बॉल टाकतो."

मग शोएबची ती प्रसिद्ध पहिली ओव्हर. सचिननं ऑफबाहेरचा चेंडू असा कापला, की तो थर्डमॅनच्या डोक्यावरून प्रेक्षकांत गेला. त्यावर खुर्ची मागं सरकल्याचा आवाज, नानांची आरोळी आणि लगेच आईचा आवाज : "बाई गं! एवढ्या लांबून धावत यायचं आणि यानं एका फटक्यात बाहेर टाकून द्यायचं. त्याची आई बघत असेल हो घरी." त्या ओव्हरमध्ये १८ धावा निघाल्या. त्या अठराही धावांना आई हळहळली.

"तू जिथं आहेस तिथंच बस," नानांनी तिला बजावलं. "तू स्टुलावर बसलीस आणि सिक्सर गेली. आता तो आउट होईपर्यंत उठायचं नाही."

"अहो, गॅसवर रताळी आहेत!"

"रताळी पुन्हा आणता येतील."

जन्मभर लोकलचं तत्त्वज्ञान सांगणारा हा स्थितप्रज्ञ! रज्जाकनं मिडऑफला सचिनचा झेल सोडला तेव्हा तो फक्त ३२वर होता. "महादेव पावला!" नाना ओरडले. "सकाळी बेल मी वाहिलाय," आईनं श्रेय तिथल्या तिथं वसूल केलं. लांबून करपल्याचा वास यावा, असं मला संगणकासमोर बसून वाटू लागलं.

पहिल्यांदा मला संताप आला होता, हे कबूल करतो. आयुष्यात एकदा सामना डब्यात भरून ठेवला, तर त्यात आमच्याच घरचं लोणचं! आवाज बंद करून नुसतं चित्र पाहावं म्हणून मी हात पुढंही केला. तेवढ्यात आतून नाना म्हणाले, "हा फटका बघायला तुझा बाप हवा होता. असा ओरडला असता!"

"बाबा रात्री बघणारेत ना, रेकॉर्डिंग."

"बघेल रे. पण रात्री ओरडेल कुणाबरोबर?" मग थोडं थांबून : "अगं, त्याच्यासाठी खिचडी काढून ठेव. तिथं समारंभात लाजेल आणि उपाशी येईल."

मी हात मागं घेतला.

दोन तास असे गेले. सचिन नव्वदीत शिरला. आई अजून स्टुलावरच होती. नाना म्हणाले, "आता कुणी जागचं हलू नका हं," आणि चित्र थांबलं. मी बटणं दाबली, वायरी हलवल्या. काही नाही. नंतर कळलं, की आमच्या जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर एका फायलीत ४ जीबीपेक्षा जास्त काही मावतच नसे. डिस्क रिकामी असली तरी वही भरली की भरली. माझी वही दोन तासांत भरली होती.

मी अंधारात तसाच बसून राहिलो. भिंतीकडून आवाज आला, "सांगू का?"

"नको, नाना. उद्या पेपरात वाचीन."

"बरं."

एक मिनिट शांतता. नाना कुशीवर वळले. पुन्हा वळले.

"अठ्ठ्याण्णववर गेला रे," ते कळवळून म्हणाले. "शोएबनंच घेतला. पण जिंकलो आपण! द्रविड आणि युवराजनं काढले." आणि मग रात्री उशिरापर्यंत त्यांनी मला उरलेला सामना सांगितला. आम्ही दोघंही ओरडलो. आई उठून आली आणि म्हणाली, "एवढं महागाचं यंत्र घेतलंत, शेवटी सांगावं लागलं ते तोंडानंच ना?"

या गोष्टीला आता वीसहून अधिक वर्षं झाली. तो संगणक गेला, कार्ड गेलं. सेंच्युरियनचे ते फटके आता कुणीही खिशातल्या मोबाइलवर हवे तेव्हा, मुंग्यांशिवाय पाहू शकतो. ते जपून ठेवण्यासाठी मी केलेला सगळा आटापिटा फुकट गेला असं हिशेबाच्या दृष्टीनं म्हणावं लागेल.

नाना २००८ साली गेले. नंतर लक्षात आलं, की घरात त्यांचे फोटो पुष्कळ आहेत. मुंजीतले, लग्नातले, निवृत्तीच्या हारातले. सगळ्यांत ते गंभीर. आवाज मात्र कुठंच नाही. चिरंजीवांनी माळ्यावरून जुनी डिस्क काढली, कुठल्याशा दुकानातून दुरुस्त करून आणली आणि ती ४ जीबीची फाईल नव्या संगणकावर उतरवली.

महाशिवरात्रीला आम्ही ती लावतो. आई आता ऐंशीच्या पुढं आहे. "मी इतकी बोलते?" असं ती दर वर्षी विचारते आणि दर वर्षी शोएबच्या आईसाठी हळहळते. आमच्या या सामन्यात सचिन आउट होत नाही. तो नव्वदीत पोचतो, नाना "आता कुणी जागचं हलू नका हं" म्हणतात आणि पडदा थांबतो.

आम्ही हलत नाही. गॅसवर रताळी असली तरी.