नांदेड ते अमृतसर : पंगतीतला धर्म

सचखंड एक्स्प्रेस ही गाडी मराठवाड्यातल्या माणसाला नवी नाही. सकाळी नांदेडहून निघायचे, परभणी, जालना, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), मनमाड करीत उत्तरेकडे वळायचे, भोपाळ आणि दिल्ली ओलांडायची आणि सुमारे दीड दिवसाने अमृतसरला उतरायचे. शिखांची पाच तख्ते आहेत. त्यांतले एक नांदेडला, एक अमृतसरला. दहावे गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ साली नांदेडला गोदावरीच्या काठी देहावसान झाले. आपल्यामागे कोणी देहधारी गुरू असणार नाही, ग्रंथ हाच गुरू, असे त्यांनी येथे सांगितले, अशी शीख समाजाची श्रद्धा आहे. त्यामुळे या गाडीत बाराही महिने पगडीवाले यात्रेकरू असतात. त्यांच्या शेजारच्या बाकावर कामासाठी, उपचारासाठी, सोयरिकीसाठी निघालेली आपली माणसेही असतात.

या गाडीची एक गोष्ट ऐकलेली होती, ती डोळ्यांनी पाहिली. वाटेतल्या काही स्टेशनांवर गाडी थांबली की पिंप, बादल्या आणि पळ्या घेऊन माणसे डब्याशी येतात. वरण किंवा कढी, भात, भाजी, पोळी. पैसे नाहीत, चिठ्ठी नाही, नाव विचारणे नाही. सवयीचे प्रवासी घरून ताटली-डबा घेऊनच निघतात. जनरलच्या डब्यातल्या मजुराला जे मिळते तेच वातानुकूलित डब्यातल्या प्रवाशाला मिळते. हाच लंगर. तो गुरुद्वाऱ्याच्या भिंतीबाहेर पडून रेल्वेच्या फलाटापर्यंत आला आहे.

येवल्याच्या मुलखातून

मनमाडच्या अलीकडे नगरसोल स्टेशन लागते. हे येवला तालुक्यातले गाव. येवला म्हटले की प्रत्येक आंबेडकरी घराला १३ ऑक्टोबर १९३५ हा दिवस आठवतो. हिंदू म्हणून जन्माला आलो हे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा परमपूज्य बाबासाहेबांनी त्या दिवशी येथे केली. त्यानंतर सुमारे सहा महिन्यांनी, एप्रिल १९३६ मध्ये, ते अमृतसरला शीख परिषदेला गेले होते. त्याच वर्षी त्यांनी आपली काही माणसे शीख धर्माच्या अभ्यासासाठी अमृतसरला पाठवली. मुंबईत माटुंग्याला १९३७ साली खालसा कॉलेज उभे राहिले, त्यामागेही बाबासाहेबांची प्रेरणा होती. पुढे ती वाट मागे पडली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण बुद्धाला शरण गेलो. पण ज्या धर्माकडे बाबासाहेबांनी एके काळी इतक्या गांभीर्याने पाहिले, तो धर्म रोजच्या जगण्यात कसा आहे, हे आपणही डोळसपणे पाहायला हवे.

दिल्ली आली की डब्यातल्या वयस्कर शिखांचे बोलणे कमी होते. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर नोव्हेंबर १९८४ मध्ये या शहरात हजारो शिखांची कत्तल झाली. पगडी आणि दाढी ही ज्यांची ओळख, त्यांना ती ओळखच त्या दिवसांत जिवावर उठली होती. जीव वाचवण्यासाठी कित्येकांनी केस कापले आणि नंतर पुन्हा वाढवले. धर्म अंगावर वागवणे म्हणजे काय, हे अशा वेळी कळते.

चार दरवाजे

अमृतसर हे चौथे गुरू रामदास यांनी वसवलेले गाव. हरमंदिर साहिब पाचवे गुरू अर्जनदेव यांच्या काळात उभे राहिले आणि १६०४ साली तेथे आदिग्रंथाची स्थापना झाली. मंदिराला चारी दिशांना दरवाजे आहेत. चारी वर्णांनी, चारी दिशांनी यावे असा त्याचा अर्थ सांगतात. आत जाताना डोके झाकायचे, चपला जोडाघरात द्यायच्या, वाहत्या पाण्यात पाय धुवायचे. जोडाघरात आपल्या चपला हातात घेणारा माणूस पगारी नोकर असेलच असे नाही. आम्हाला बिल्ला देणारा माणूस लुधियानाच्या होजियरी कारखान्यात मशीन चालवणारा होता. सुटीच्या दिवशी तो दोन तास येथे परक्यांच्या चपला पुसायला येतो. शेजारी उभा असलेला मोटारींच्या सुट्या भागांचा व्यापारी होता. दोघांचे हात एकाच धुळीचे.

सरोवराच्या मध्यभागी ग्रंथासमोर अखंड कीर्तन चालते. त्या ग्रंथात शीख गुरूंच्या वाणीबरोबर कबीर विणकर आहेत, रविदास चर्मकार आहेत, आणि आपल्या नामदेव शिंप्याची एकसष्ट पदे आहेत. नामदेवांचे पंजाबात दीर्घ काळ वास्तव्य होते, असे सांगतात. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान या गावी त्यांचे स्थान असून २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तेथे भरले होते. येथे उभे राहिले की एक गोष्ट मनात आल्याशिवाय राहत नाही. पंढरपुरात चोखोबांची समाधी मंदिराच्या बाहेर, पायरीजवळ. येथे मात्र विणकराचे, चर्मकाराचे, शिंप्याचे शब्द रेशमी रुमालांत गुंडाळून उच्चासनावर ठेवलेले आहेत, आणि उच्च म्हणवणारी कुळे त्यांच्यापुढे डोके टेकवतात.

लंगरखान्यात रोज पन्नास हजारांहून अधिक माणसे जेवतात. सणावाराला हा आकडा लाखावर जातो. जमिनीवर लांबच लांब पट्ट्या अंथरलेल्या. जो जेथे येईल तो तेथे बसतो. पोळी दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून घ्यायची, ती ताटात टाकली जात नाही. डाळ, भाजी, खीर, पाणी. जेवण संपले की हजारो ताटांचा खडखडाट ऐकू येतो. भांडी घासायच्या लांब हौदांपाशी बँकेतले साहेब, कॉलेजच्या मुली, शेतकरी बायका, फौजेतले जवान बाह्या सरसावून उभे असतात. पुरुषांनी कणीक मळायची, लसूण सोलायचा, भांडी घासायची, यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आपल्या घरातल्या पुरुषांनी हे दृश्य जरूर पाहावे.

पगडीखालचा माणूस

शीख धर्माचे रोजचे नियम तीन शब्दजोड्यांत सांगतात : नाम जपो, किरत करो, वंड छको. ईश्वराचे स्मरण करा, कष्टाने आणि प्रामाणिकपणे कमवा, वाटून खा. यातला पहिला नियम आपला नाही, कारण आपला धम्म ईश्वर मानत नाही. पण दुसरा आपल्या सम्यक आजीविकेच्या जवळचा आणि तिसरा दानाच्या जवळचा आहे. मिळकतीचा दहावा हिस्सा समाजासाठी काढणे याला ते दसवंध म्हणतात. टॅक्सी चालवणारा, फर्निचरचे काम करणारा, ढाबा चालवणारा साधा शीखही यथाशक्ती तो काढायचा प्रयत्न करतो. त्या हिश्श्यातून लंगर चालतो, शाळा चालतात, दवाखाने चालतात. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयांत जागा उरली नव्हती, तेव्हा दिल्ली परिसरातल्या गुरुद्वाऱ्यांनी रस्त्यावर प्राणवायूचा लंगर लावला. रोजची सवय होती म्हणून ते संकटात जमले.

अमृत घेतलेल्या शिखाने केश, कंगवा, कडे, कच्छा आणि कृपाण ही पाच चिन्हे बाळगायची असतात. पहाटे उठून पाठ करायचा, मग पाच-सहा मीटर कापडाची पगडी बांधून कामावर जायचे. हेल्मेटच्या कायद्यात पगडीला सूट आहे. पण कारखान्यात, खेळाच्या मैदानावर, परदेशातल्या नोकरीत या चिन्हांचा प्रश्न अजून उभा राहतो. अनेक तरुण केस कापतात, आणि घरोघरी आई-बाप त्यावर हळहळतात. म्हणजे नवी पिढी आणि जुना धर्म यांची ओढाताण त्यांच्याही घरात आहे.

पंगत उठल्यावर

येथवर वाचून कोणाला वाटेल की पंजाबात जात उरलेलीच नाही. परिक्रमेच्या संगमरवरावर बसलेला तरनतारन भागातला एक गवंडी आमच्याशी बोलत होता. तो मजहबी शीख, म्हणजे पूर्वाश्रमीच्या सफाई कामगार जातीतला. आम्ही महाराष्ट्रातले बौद्ध आहोत हे कळल्यावर तो मोकळा झाला. म्हणाला, "भाईसाहेब, इथं मला कोणी विचारत नाही. गावी गेलो की विचारतात. आमच्या गावात गुरुद्वारे दोन आहेत."

त्याचे म्हणणे एका गावापुरते नाही. २०११ च्या जनगणनेनुसार पंजाबात अनुसूचित जातींची लोकसंख्या सुमारे बत्तीस टक्के, देशातल्या राज्यांत सर्वांत जास्त. पण शेतजमीन मुख्यतः जाट शिखांच्या हाती. अनेक गावांत दलितांचे गुरुद्वारे वेगळे, स्मशानभूमी वेगळी. २००३ साली जालंधरजवळच्या तल्हण गावात धर्मस्थळाच्या कमिटीत दलितांना जागा देण्यावरून मोठा संघर्ष झाला. २०१० साली रविदासी समाजातल्या एका मोठ्या गटाने तर आपला वेगळा धर्म आणि वेगळा ग्रंथ जाहीर केला. स्त्रियांचेही तसेच. ग्रंथाचा पाठ त्या करू शकतात, पण हरमंदिर साहिबात कीर्तनाची संधी मिळावी म्हणून त्यांना मागणी करावी लागली. २०१९ साली पंजाब विधानसभेने त्यासाठी ठरावही केला.

आणि हे घडते आहे ते १६९९ च्या बैसाखीला आनंदपुरात पाच प्यारे निवडणाऱ्या धर्मात! त्या पाचांत एक पाणक्या होता, एक छिंबा म्हणजे कापडावर छपाई करणारा होता, आणि आपल्या मराठवाड्याला लागून असलेल्या बीदरचा एक न्हावी होता. गुरूंनी त्यांना अमृत दिले आणि मग त्यांच्याच हातून स्वतः घेतले. जात पुसावी म्हणून पुरुषाला सिंह आणि स्त्रीला कौर हे नाव दिले. आज त्या नावापुढे कुळाचे आडनाव पुन्हा लागते आणि लग्नाच्या जाहिरातीत जात छापली जाते.

तरीही त्या धर्मात स्वतःला दुरुस्त करायची ताकद आहे, हेही नमूद केले पाहिजे. १२ ऑक्टोबर १९२० रोजी मंदिराशेजारच्या जालियनवाला बागेत खालच्या मानलेल्या जातींतल्या माणसांना अमृत दिले गेले आणि ती मंडळी प्रसाद घेऊन हरमंदिरात आली. पुजाऱ्यांनी प्रसाद स्वीकारायला नकार दिला. सोबतच्या शीख मंडळींनी माघार घेतली नाही. शेवटी ग्रंथ उघडून कौल घ्यायचे ठरले, तेव्हा निघालेले वचन या माणसांच्या बाजूचे होते. प्रसाद स्वीकारावा लागला. अकाल तख्ताचे पुजारी तर जागा सोडून निघून गेले. त्यातूनच महिनाभरात शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीचा जन्म झाला. यानंतर सुमारे साडेनऊ वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो पाच वर्षे चालला, तरी दरवाजा उघडला नाही.

आपल्यासाठी

आपली आणि शीख दलितांची वाट कायद्यातही जवळून गेली आहे. अनुसूचित जातींच्या सवलती सर्व शीख दलितांना १९५६ साली मिळाल्या, म्हणजे आपण दीक्षा घेतली त्याच वर्षी. बौद्धांना त्यासाठी १९९० सालापर्यंत झगडावे लागले. सवलत कायद्याने मिळते. समता मात्र घराच्या उंबरठ्यावर, चुलीपाशी आणि सोयरिकीच्या बैठकीत मिळवावी लागते.

दुसऱ्याच्या गावातल्या दोन गुरुद्वाऱ्यांवर बोट ठेवताना आपल्या वस्तीकडेही पाहावे. बावीस प्रतिज्ञा घेऊन सत्तर वर्षे होत आली, तरी स्थळ पाहताना पूर्वीची पोटजात हळूच विचारली जातेच. वधू-वर मेळाव्यात हे ऐकू येते. आपले विहार अनेक ठिकाणी १४ एप्रिलला, बुद्ध पौर्णिमेला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भरतात. एरवी त्यांना कुलूप असते.

बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला देण्यास सांगितले होते. शिखांच्या दहाव्या हिश्श्याच्या तो निम्माच आहे. त्यातून विहारात अभ्यासिका चालू शकते, शिक्षण सुटू पाहणाऱ्या मुलाची फी भरली जाऊ शकते. ज्यांना पैसा जमत नाही त्यांनी वेळ द्यावा. दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास विहार झाडायचा, पाणी भरायचे, महिन्यातून एकदा शेजारच्या वस्तीसह एकत्र जेवायचे. भांडी पुरुषांनी घासावीत. पंगतीला ज्यांना कोणी बोलावत नाही, त्यांना आधी बोलवावे. यासाठी मोठा निधी लागत नाही, ठराव लागत नाही. येत्या रविवारी एका विहाराने सुरुवात केली तरी पुरे.

जय भीम!