अम्मी असं बोलत नाही

माझी एक कथा काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात आली होती. गोष्ट साधी. कराडजवळच्या गावातली एक विधवा आई कात्रजला मुलाच्या फ्लॅटवर राहायला येते आणि तिसऱ्या दिवशी परत जाते. संपादकांनी फोन करून सांगितलं, "कथा छान आहे, पण आई मुस्लिम वाटत नाही. थोडं वातावरण आणा."

मी आणलं. आई उठता-बसता 'या अल्लाह' म्हणायला लागली, मुलगा 'अम्मीजान' म्हणायला लागला. खिडकीत अत्तराची कुपी ठेवली. कथा छापून आली, चार जणांनी कौतुक केलं. मग घरी अम्मीला वाचून दाखवली. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली बाई. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून मी वाचतो. ती भाजी निवडत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "ये कोन बाई हाय? इत्ता अल्ला-अल्ला तो मौलानासाब बी नै करते."

मला राग आला तो तिचा नाही. तिच्यावर लिहिलेल्या कथेत तीच नव्हती, आणि ते मला लिहिताना माहीत होतं.

त्यानंतर हमीद दलवाईंची 'इंधन' पुन्हा वाचली. 1965 सालची कादंबरी, कोकणातल्या गावाची. तिच्यातली माणसं मुसलमान असल्याचा पुरावा देत बसत नाहीत. त्यांना त्याहून मोठी भांडणं आहेत. 'लाट'मधल्या कथाही त्याआधीच्या, 1961च्या. म्हणजे वाट तेव्हाच पडली होती. 1990 साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. आणि मी अजून अत्तराच्या कुपीत अडकलेला!

खरी अडचण बोलण्याची आहे. आमच्या घरात दखनी चालते. तिच्यात 'नको' मराठीतून आलाय, जोर द्यायचा 'च'सुद्धा मराठीचाच: 'मैच', 'वोच', 'ऐसाच'. शाळेतल्या उर्दूशी तिचं नातं लांबचं. सगळे संवाद दखनीत लिहिले तर काही वाचक दमतात. सगळे शुद्ध मराठीत लिहिले तर अम्मी सदाशिव पेठेत राहायला जाते.

तोडगा बसमध्ये सापडला. कात्रजहून स्वारगेटकडे जाताना मी हल्ली मोबाइल खिशात ठेवून फक्त ऐकतो. (बीआरटीच्या मार्गावर बस अडकली की अभ्यास वाढतो.) एकदा मागच्या सीटवर दोघी बहिणी होत्या. आपसात दखनी, कंडक्टरशी मराठी, फोनवर कुणा साहेबांशी हिंदी. कोणती भाषा कधी बदलली, एवढ्यावरून मला त्यांचं अर्धं घर कळलं. मग घरी लक्ष ठेवलं. अम्मी दूधवाल्याशी मराठी बोलते, माझ्याशी दखनी. पण माझ्यावर खरोखर चिडली की मराठीत बोलते, तेही 'तुम्ही' म्हणून! चाळीस वर्षं हे ऐकतोय आणि एकदाही लिहिलं नव्हतं.

कथा पहिल्यापासून लिहायला घेतली. सगळ्यात आधी कात्रजच्या तलावावरचा परिच्छेद गेला. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं नळाचं काम, जमिनीखालून नुसत्या उताराने शहरापर्यंत नेलेलं पाणी, मध्ये हवेसाठी बांधलेले उच्छ्वास: सगळं खरं होतं, मेहनतीने जमवलेलं होतं, आणि त्या आईला त्याचं काही पडलेलं नव्हतं. तो काढताना जीव दुखला. अत्तराची कुपी मात्र काढताना काहीच वाटलं नाही. छोटी वाक्यं दखनीत ठेवली, लांब बोलणं मराठीत घेतलं. शेवटच्या प्रसंगात ती पिशवी भरते तेव्हा मुलाला पहिल्यांदा मराठीत म्हणते, "तुम्ही कामाला जा. मला एसटी कळते."

मागच्या रविवारी हा खर्डा अम्मीला वाचून दाखवला. त्या वाक्यापाशी तिचा हात भाजीवर थांबला. कौतुकाची वाट बघत मी पान उलटलं.

"निघते वख्त रोटी बांधी लिख्या ना तू?"

"हां."

"उस वख्त रोटी कायकू? भाकरीच थी."

पेन शोधायला उठलो.