हिरा केवढा, ताट केवढं

आमच्या आजीच्या साखरपुड्यात अंगठी नव्हतीच. वडीलधाऱ्यांनी सुपारी फोडली, मुलीला कुंकू लावलं, लुगडं-खण दिला, साखरेचा पुडा हातात ठेवला आणि सोयरीक पक्की झाली. नवरामुलगा त्या दिवशी तिथं होता की नव्हता, हेही तिला नीट आठवायचं नाही. एकमेकांच्या बोटांत अंगठ्या घालायच्या आणि फोटोवाल्यानं ‘अजून एकदा, इकडं बघून’ म्हणायचं, हे आमच्याकडे आलं आत्तीच्या वेळेला, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. अंगठी आली म्हणून खडा आला आणि खडा आला म्हणून कोंदण आलं. त्या कोंदणावरून आमच्या घरात जेवढी खडाजंगी झाली, तेवढी मुलाच्या पगारावरूनही झाली नव्हती.

कोल्हापुरात सोनं घ्यायचं म्हणजे गुजरी. आधी अंबाबाईची ओटी भरायची आणि मग प्रसादाची पिशवी सांभाळत गुजरीत शिरायचं, हा ठरलेला क्रम. आमच्या सोनारकाकांच्या पेढीवर तेव्हा गादी होती, पांढरीशुभ्र चादर होती, टेकायला लोड होते. काचेच्या पेटीत नाजूक ताजवा असायचा. त्याच्या पारड्यांना हात लावायची आम्हा पोरांना सक्त मनाई होती. ग्रॅम येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी आजी गुंजांतच बोलायची. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. काका ग्रॅममध्ये सांगायचे, ती मनातल्या मनात गुंजा करायची आणि दोघांचा हिशेब बरोबर जुळायचा. पेढीच्या मागच्या खोलीत कारागीर फुंकणीनं डाग देत बसलेला असायचा. तिथला केरसुद्धा टाकून देत नसत. झारेकरी तो घेऊन जात आणि धुऊन-गाळून त्यातला सोन्याचा कण वेगळा काढत. जुनं सोनं आटवायला मात्र गलाईवाल्याकडे जायचं. विटा-खानापूरकडची ही माणसं देशभरातल्या सराफ कट्ट्यांवर हेच काम करत पसरली आहेत, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला त्या मुशीतला लालभडक गोळा तेवढा महत्त्वाचा वाटे.

रीत अशी की मुलीची अंगठी मुलाकडच्यांनी करायची आणि मुलाची मुलीकडच्यांनी. म्हणजे पैसे एकाचे आणि बोट दुसऱ्याचं. मुलाकडच्यांनी मोठ्या मनानं ‘मुलीच्या पसंतीनं होऊ दे’ असा निरोप धाडला आणि मुलाची आई स्वतः इचलकरंजीहून आली. दोन विहिणी शेजारी शेजारी बसल्या. एक म्हणायची, “तुम्ही म्हणाल तसं, विहीणबाई.” दुसरी म्हणायची, “छे छे, तुम्ही म्हणाल तसं.” आणि दोघींनीही घरून निघतानाच मनाशी पक्कं केलेलं होतं.

आजीला हवं होतं माणिक, तेही बंद कोंदणात. तिच्या स्वतःच्या बोटात तसंच होतं. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, एका बऱ्या उसाच्या साली आजोबांनी करून दिलेलं. खडा चारी बाजूंनी सोन्यात गच्च बसवलेला, पाठ बंद, आणि खड्याच्या खाली चकचकीत डाक. वरून आलेला उजेड त्या डाकेवरून परततो आणि खडा आतून पेटल्यासारखा दिसतो. एकच वैर, पाण्याचं. आजीनं ती अंगठी घालून उभा जन्म भाकरीचं पीठ मळलं होतं, त्यामुळं आत ओल शिरून माणकाची एक कड काळवंडली होती. तिला त्याचं काही नव्हतं. “खडा पडला तर न्हाई ना? मग झालं.”

विहीणबाईंना हवा होता पुष्कराज. त्यांच्या जोशांनी सांगितलेला. गुरूचा खडा अंगाला लागला पाहिजे, म्हणून त्याला खालून उघडं कोंदण हवं, तेही बोटाच्या कातडीला टेकेल इतकं खोल. यावर कुणाचा काही आक्षेप नव्हता. पण लग्न ठरल्यावर मुलीला गुरुबळ कशाला, असं आजी हळूच पुटपुटली. तिला वाटलं, कुणाला ऐकू गेलं नाही. ऐकू सगळ्यांना गेलं.

आणि आत्तीला हवा होता हिरा. एका मासिकातल्या जाहिरातीचं पान तिनं फाडून आणलं होतं. बारीक वळं, आणि वर सोन्याच्या बारीक काड्यांनी उचलून धरलेला एकटा हिरा. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून ते पान पाहिलं. “हे अमेरिकन सेटिंग,” म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीनं १८८६मध्ये सहा काड्यांवर हिरा वळ्यापासून उंच उचलून दाखवला आणि पुढं साऱ्या जगातल्या सोनारांनी तो धडा गिरवला. आजीनं पान हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. “ह्याला नखं कशाला फुटलीत?”

काकांनी समजूत घातली, की काड्या लागतातच, आणि त्याही अठरा कॅरटच्या. बावीस कॅरटचं सोनं मऊ. रोजच्या धक्क्यानं काडी वाकली तर हिरा गेला म्हणून समजा. ‘अठरा’ हा आकडा ऐकताच आजीचा चेहरा बदलला. कारण तिच्या मनात अजून चौदा कॅरट होतं. १९६३च्या जानेवारीत, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि सोनारांच्या घरच्या चुली विझायची वेळ आली. चौदाची अट पुढं गेली, पण १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९०पर्यंत होता. सोनारकाकांनी त्या दिवसांत घड्याळं दुरुस्त करून दिवस काढले होते. एरवी मऊ बोलणारा हा माणूस तो विषय निघाला की गप्प होई. आजीच्या लेखी बावीसच्या खालचं सगळं ‘मोरारजींचं सोनं’ होतं. लेकीच्या बोटात ते घालायला ती तयार नव्हती.

खरा पेच दुसराच होता. आत्ती शिवणकाम करायची. साऱ्या गल्लीचे ब्लाऊज, परकर, सणासुदीला झबली. दिवसभर हातात रेशीम, वायल, जॉर्जेट. काकांनी त्या नमुन्याची एक अंगठी ड्रॉवरमधून काढली, कापसाचा बोळा घेतला आणि काड्यांवरून एकदा फिरवला. एका काडीला दोन तंतू अडकून राहिले. “हे बघ पोरी. कापसाचं असं, तर गिऱ्हाइकाच्या शालूचं कसं होईल?” आत्ती त्या दोन तंतूंकडं बराच वेळ बघत राहिली. मासिकाचं पान तिनं हळूच पर्समध्ये घातलं. माझ्या मते त्या दिवशी गुजरीत झालेली सगळ्यात शहाणी गोष्ट तीच. हल्ली मोठमोठ्या दुकानांत फुकट कॉफी मिळते, भिंगातून हिरा दाखवतात, पण ‘तुम्ही हातानं काम काय करता?’ हे कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

मग काकांनी आतून एक डबी आणली. तिच्यात त्या काळी फार चालणारी एक चीज होती, इल्युजन सेटिंग. पांढऱ्या सोन्याची छोटीशी चकती, तिला आरशासारखे पैलू पाडलेले आणि मधोमध दहा सेंटचा हिरा. शंभर सेंटचा एक कॅरट, म्हणजे कॅरटचा फक्त दहावा हिस्सा. पण चकतीची चमक हिऱ्यात मिसळून जाते आणि हातभर अंतरावरून खडा तिप्पट वाटतो. शिवाय सगळं बसकं, कापडात अडकायला वर काहीच नाही. आजीनं डबी डोळ्यांजवळ नेली आणि पेढीवरचा नोकरसुद्धा हसला अशा आवाजात म्हणाली, “आगं, हिरा केवढा न् ताट केवढं!”

आत्तीनं तीच घेतली. आणि लपवलं काहीच नाही. साखरपुड्यात बायका हात धरधरून बघायला लागल्या, तेव्हा ती सरळ सांगत सुटली, “दहा सेंटचा आहे, बाकीचा आरसा.” वळं बावीस कॅरटचं झालं, त्यामुळं आजीचाही मान राहिला. पुष्कराजही वाया गेला नाही. मुलाची अंगठी करायची जबाबदारी आमची होती, तेव्हा आजीनं अगदी साळसूदपणे विहीणबाईंना विचारलं, की जोशांनी सांगितलंच आहे तर जावईबापूंना गुरुबळ नको का? तेव्हापासून आमचे मामंजी खालून उघड्या कोंदणातला पुष्कराज घालून हिंडतात. अंघोळीनंतर त्याच्या तळाला साबण साठतो आणि आत्ती तो सुईनं काढते.

आजी गेल्यावर तिची अंगठी उजाळा द्यायला काकांकडे नेली. त्यांनी माणिक सोडवलं, उजेडात धरलं आणि जरा घुटमळत सांगितलं, की हा खडा खाणीतला नव्हे, भट्टीतला. अशी माणकं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून युरोपात आगीच्या झोतात तयार होत आणि इथं सर्रास विकली जात. आजोबांना ते माहीत होतं का, कोण जाणे. आम्ही डाक बदलून घेतली आणि खडा होता तसा परत बसवला. त्याच्यापुढं खाणीतल्या माणकाची किंमत आमच्या घरात कुणी करणार नव्हतं.

गेल्या वर्षी माझ्या लेकीचं ठरलं. मोबाइलवर तिनं मला कोंदणांची सगळी जंत्री दाखवली: सॉलिटेअर, बेझल, चॅनल, पावे, हेलो. आता दागिना आधी कॉम्प्युटरवर उभा राहतो, मेणात छापला जातो आणि मग ओततात. २०२१पासून हॉलमार्क बंधनकारक होत गेला, त्यामुळं अठरा कॅरटवर ७५०चा शिक्का बघून आजीचीही थोडीफार खात्री पटली असती. लेकीनं निवडलं हेलो, म्हणजे मधे एक हिरा आणि त्याच्याभोवती बारीक हिऱ्यांचं कडं. मधला हिरा सुरतेच्या प्रयोगशाळेत वाढवलेला. त्यावर घरात ‘खरा की कारखान्यातला’ असं जोरात चाललं होतं. मी आजीच्या माणकाची गोष्ट काढली, तेव्हा कुठं आवाज खाली आले.

आत्तीला फोटो पाठवला. तिनं लगेच फोन केला. “भोवती हे बारके कशाला गं?”

“मधला मोठा दिसतो म्हणून,” लेक म्हणाली.

“आणि मधला केवढा?”

“तीस सेंट.”

आत्ती पलीकडं इतकी हसली, की मामंजी बघायला आले म्हणे. मग एकदम कामाला लागून तिनं विचारलं, घडणावळ टक्क्यावर लावलीय की ग्रॅमवर, आणि बारके खडे सोन्याच्या वजनात धरलेत का. ते आम्ही विचारलंच नव्हतं. लेक दुसऱ्या दिवशी दुकानात परत गेली.