वर्षाची चटणी

आमच्या कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याला चटणी म्हणतात. मार्च उजाडला की दारोदारी एकच विचारणा, ‘झाली का तुमची चटणी?’ रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. देठं काढून मिरच्या उन्हात टाकायच्या आणि मूठभर उचलून हलवायच्या. आतलं बी खुळखुळलं की वाळल्या.

मिरचीची मला कधी काळजी वाटली नाही. काळजी कांद्याची. पातळ चिरून कडक उन्हात वाळवायचा, मग तेलात तळायचा. तळलेली एक पाकळी गार करून बोटांत धरावी: चुरा झाला तर झाला, वाकली तर अजून पाणी आहे. एका वर्षी वळवानं गाठलं. कांदा अर्धवट वाळलेला, तरी तसाच तळून डंकावर नेला. आषाढात बरणी उघडली तर गळ्याशी पांढरी लव. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, वरची काढून टाक, खालची चांगली असेल.’ मी सगळी टाकली. पाच किलो होती. बुरशी दिसते तेवढीच नसते, आणि काही बुरश्यांचं विष शिजवूनही जात नाही. फार जिवाला लागलं, पण आजही तेच करीन.

डंकावरून आलेली चटणी गरम असते. घाईनं बरणीत कोंबली तर तिचीच वाफ झाकणाला धरते आणि पाणी होऊन खाली उतरते. म्हणून परातीत पसरून रात्रभर, वरून पातळ कापड. सकाळी चिनी मातीच्या बरणीत मुठीनं दाबून भरते, मध्ये पोकळी राहू देत नाही. अधेमधे हिंगाचे खडे, वर खडे मिठाचा थर, तोंडाला दादरा. काचेची बरणी दिसायला छान, पण उजेडानं मिरचीचा लाल रंग उडतो. रोजच्याला पंधरा दिवसांपुरती डबी वेगळी, आणि तीही उकळत्या रश्श्यावर धरायची नाही; चमच्यानं घ्यायची.

एवढं करूनही खोबरं दगा देतं. खोबरं, तीळ, खसखस यांच्यात तेल, आणि कुटल्यावर त्या तेलाला चहूकडून हवा लागते. बुरशी नसली तरी दिवाळीपर्यंत चटणी खवट व्हायला लागते. पूर्वी वर्षभराची एकदम करण्यात मला अभिमान वाटायचा. आता निम्मी चटणी खोबरं-तिळाशिवाय कांडून आणते आणि दर दोन महिन्यांनी लागेल तेवढं खोबरं, तीळ भाजून मिक्सरवर त्यात मिसळते. सासूबाईंना हे पटलं नव्हतं. मार्गशीर्षातल्या आमटीचा वास आल्यावर पटलं.

पुण्याला लेक चटणी फ्रिजमध्ये ठेवते. ठेवावी, पण बाहेर काढून लगेच झाकण उघडलं की गार चटणीवर दव धरतं. म्हणून तिला मोठा डबा न देता सहा लहान डब्या भरून दिल्यात. एक संपली की दुसरी आदल्या रात्री बाहेर काढायची, सकाळपर्यंत झाकण लावूनच.