माय फेअर लेडी आणि माझी माय

गेल्या जुलैतला रविवार. सुरतेत सकाळपासून पाऊस लागला होता, सोसायटीच्या फाटकापाशी घोट्याएवढं पाणी साचलं होतं, त्यामुळे बाहेर जायचा प्रश्नच नव्हता. लेकीच्या कॉलेजात ‘संतु रंगीली’ या गाजलेल्या गुजराती नाटकातला एक प्रवेश बसवत होते आणि संतूची भूमिका तिच्याकडे आली होती. "मम्मी, आधी तो जुना इंग्लिश पिक्चर बघू या ना," म्हणत तिने टीव्हीवर ‘माय फेअर लेडी’ लावला. आई नेहमीच्या खुर्चीत वाती वळत बसली होती. नाव कानावर पडताच तिने विचारलं, "मायना पिक्चर शे का?"

लेक खो खो हसली. मीही हसले. आमच्या अहिराणीत आईला माय म्हणतात. आईच्या दृष्टीने प्रश्न अगदी सरळ होता.

हा चित्रपट 1964 सालचा. त्याला आठ ऑस्कर मिळाली. त्याआधी 1956 पासून तो संगीत नाटक म्हणून न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर गाजत होता आणि त्याचं मूळ बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकात आहे. गोष्ट थोडक्यात अशी : लंडनच्या रस्त्यावर फुलं विकणारी एलायझा आणि उच्चारशास्त्राचे प्रोफेसर हिगिन्स. मुलीचं बोलणं गावंढळ. प्रोफेसर पैज लावतात की सहा महिन्यांत हिचे उच्चार सुधारून हिला बड्या लोकांत उच्चकुलीन स्त्री म्हणून मिरवून दाखवतो.

‘मध्येच सगळे गायला का लागतात?’ असं तुम्हा मुलांना वाटतं खरं. पण 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणलं, तेव्हापासून मराठी माणूस मध्येच गाणाऱ्या पात्रांना टाळ्या देत आला आहे. हॉलिवूडचे हे संगीतपट आपल्याकडे वेष बदलूनही आले. ‘साउंड ऑफ म्युझिक’ 1965 चा. खोड्याळ मुलांना गाण्यातून आपलंसं करणारी शिक्षिका त्यात आहे. 1972 मध्ये गुलजारांनी ‘परिचय’ केला, तेव्हा त्याची छाया घेतली आणि शिक्षिकेच्या जागी जितेंद्रला उभं केलं. त्यातल्या मुलांचे गाणारे वडील म्हणजे संजीवकुमार, आपल्या सुरतेचे जरीवाला. अडाजण-पालकडे ज्यांच्या नावाचं सभागृह आहे, तेच.

‘माय फेअर लेडी’ची गोष्ट तर आपल्या दोन्ही भाषांत येऊन राहिली. 1975 साली पु. ल. देशपांड्यांनी ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ लिहिलं आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा घराघरांत पोचली. गुजरातीत मधु राय यांनी ‘संतु रंगीली’ लिहिलं. त्यात संतू झाल्या सरिता जोशी. त्या माहेरच्या भोसले, म्हणजे मराठी घरातल्या. एका मराठी मुलीने गुजराती बोली बोलून गुजराती प्रेक्षकाला जिंकलं, हे मी लेकीला सांगितलं तेव्हा तिला एकदम हुरूप आला.

हे नाटक नुसतं भाषांतर करून चालत नाही. प्रत्येक गावाची चूक वेगळी असते. एलायझा ‘ह’ गाळते. ‘ह’ नीट आला की ज्योत हलली पाहिजे, म्हणून प्रोफेसर तिच्यासमोर ज्योत पेटवून बसवतात. आपल्याकडे उलटं. जुना सुरती माणूस ‘स’च्या जागी ‘ह’ लावतो आणि गावाला ‘हुरत’ म्हणतो. त्याची ज्योत तर एका वाक्यात विझेल. हे बोलून आम्ही दोघी हसत होतो आणि हसता हसताच मला माझी ज्योत आठवली. माझी चूक ‘ळ’ची होती.

आमचं मूळ गाव नंदुरबारकडचं. उधना-जळगाव लाइनवरून खानदेशातली हजारो माणसं सुरतेत कामाला आली, त्यातच वडील आले आणि लिंबायतमध्ये राहिले. गावी जाताना वाटेत नवापूर लागायचं. त्या स्टेशनाचा अर्धा भाग गुजरातमध्ये, अर्धा महाराष्ट्रात. घरी आम्ही अहिराणी बोलायचो, गल्लीत गुजराती आणि शाळेत मराठी, पुस्तकातली. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया. दुसरीत असताना एका बाईंनी मला बाकावर उभं करून ‘काळा कावळा’ पन्नास वेळा म्हणायला लावलं. वर्ग हसत होता. त्याच वर्षी की पुढच्या, ते आता आठवत नाही, पण बहिणाबाईंची कविता त्याच बाईंनी फार गोड आवाजात शिकवली होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या खानदेशी बाईची ती बोली पुस्तकात चालत होती, माझ्या तोंडात चालत नव्हती.

मी ‘ळ’ शिकले. चांगलाच शिकले. पुढे वक्तृत्वाची बक्षिसंही घेतली. आणि कधीतरी ‘माय’ म्हणायचं सोडून ‘आई’ म्हणायला लागले.

एलायझाला एका गाण्यात प्रोफेसरचा संताप येतो आणि ती त्याला धडा शिकवायची स्वप्नं बघते. ‘ती फुलराणी’त याच जागी मंजुळाचं ते प्रसिद्ध स्वगत आहे. या गाण्याची एक गंमत मी लेकीला सांगितली. पडद्यावर ऑड्रे हेपबर्न दिसते, पण तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सन या गायिकेने गायली आहेत आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. आपल्याला लतादीदी, आशाताईंमुळे उसन्या आवाजाचं नवल नाही. तिकडे मात्र ते झाकून ठेवलं जाई. पण या रागाच्या गाण्याचा काही भाग हेपबर्नच्या स्वतःच्या आवाजात राहिला आहे. सगळं गोड, घोटलेलं गाणं दुसरीचं, आणि राग तेवढा तिचा स्वतःचा. लेक म्हणाली, "बरोबर आहे. रागात कोण ॲक्सेंट सांभाळतं?"

पुढे मध्यरात्री एलायझाला तो अवघड उच्चार अचानक जमतो आणि तिघं आनंदाने नाचायला लागतात. तेव्हा आईने वाती बाजूला ठेवल्या होत्या. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नाही, पण एलायझा रुसली की तिचा चेहरा पडत होता आणि नाच सुरू झाला की पायाचा अंगठा हलत होता. साठ वर्षं हे चित्रपट का टिकले, त्याचं उत्तर माझ्यासमोर खुर्चीत बसलेलं होतं. जिथे बोलणं कळेनासं होतं तिथे गाणं हात धरतं आणि पुढे नेतं.

मग तो मोठा नाचाचा समारंभ होतो. एलायझा सगळ्यांना जिंकते. घरी परतल्यावर दोघे पुरुष एकमेकांचं कौतुक करत बसतात आणि ती एका बाजूला गप्प उभी. तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. ती रात्री घर सोडून जुन्या फुलबाजारात जाते, तर तिथेही तिला कुणी ओळखत नाही. तेव्हा आईने विचारलं,

"हिनी माय कोठे शे?"

एलायझाला या गोष्टीत आई नाही. दारू पिणारा, मजेशीर बाप आहे, प्रोफेसरची शहाणी आई आहे. हिची नाही. लेकीने तसं आजीला सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "तेच तं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. लेकीचा चौथा वाढदिवस मला आठवला. तिला नुकताच इंग्रजी माध्यमात प्रवेश मिळाला होता, नव्या ओळखीचे लोक यायचे होते. मी आईला म्हटलं होतं, "पाहुण्यांसमोर जरा शुद्ध बोल हं." आईने मान डोलावली. ती शुद्ध बोलली नाही, अशुद्धही बोलली नाही. पाहुणे आले की ती आतल्या खोलीत जाऊ लागली. लोक म्हणायचे, तुझ्या आई किती शांत आहेत. मीही तेच म्हणायला लागले होते. त्या बाईंनी मला एक तास बाकावर उभं केलं. मी आईला सोळा वर्षं आत बसवलं.

चित्रपटाच्या शेवटी एलायझा परत येते आणि प्रोफेसर तिला आपल्या चपला कुठे आहेत म्हणून विचारतो. लेक भयंकर चिडली. शॉलाही ही जोडी जुळवणं मान्य नव्हतं, हे सांगितल्यावर थोडी शांत झाली. मग आजीच्या पायाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "आजी, माझी संतू सुरती बोलणार आहे. पण मला तुझी भाषा शिकव."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. मग तिने पहिला धडा दिला : मी आठे शे, तू तठे शे. लेकीचा ‘शे’ काही केल्या जमेना. कधी ‘छे’ व्हायचा, गुजराती. कधी ‘से’. आई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणून घेत होती.

नाटकात कोण कशी दिसली, बक्षीस मिळालं की नाही, ते पुन्हा कधी. पण तरुण मंडळींनो, हे जुने चित्रपट एकट्याने मोबाइलवर बघू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. भाषांतर करत बसायची गरज पडत नाही.

त्या रात्री जेवायची पानं घेतली आणि मी हाक मारली, "माय, जेवाले ये." आतून बराच वेळ उत्तर आलं नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.