रुमाल टाकणारी सॉफ्टवेअरं

एसटीत जागा कशी धरतात हे तुम्हाला सांगायला नको. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत. ज्याचा रुमाल आधी, त्याची सीट. विंडोजमध्ये हॉटकीचं अगदी हेच चालतं. एखाद्या प्रोग्रॅमला कुठूनही चालणारी कळ हवी असली की तो ती विंडोजकडे नोंदवतो. मग दुसऱ्यानं तीच मागितली तर त्याला १४०९ नंबरची एरर मिळते. शहाणा प्रोग्रॅम ती एरर आपल्याला दाखवतो. बरेचसे मात्र गप्प बसतात, आणि आपण कळ दाबत राहतो...

खरी गंमत पुढेच आहे. रजिस्ट्रीतल्या ‘रन’ यादीतले प्रोग्रॅम कोणत्या क्रमानं सुरू होतील याची कसलीही हमी नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय. म्हणजे सोमवारी रुमाल एकाचा, मंगळवारी दुसऱ्याचा!

कोपरगावात आमच्या मामांचं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, असली कामं. गेल्या महिन्यात गेलो तर म्हणाले, "अरे, हे मशीन मूडवर चालतं बघ. एखाद्या दिवशी मराठी येतच नाही." घरच्या इंजिनिअरला असली कामं लागतातच, त्याला इलाज नाही.

मामा जुन्या टाइपरायटरवर शिकलेले. नजर हस्तलिखितावर, बोटं कीबोर्डवर, स्क्रीनकडे बघायचं ते परिच्छेद संपल्यावर. एफ ९ दाबलं की मराठी सुरू, हे हातात इतकं बसलंय की खात्री करून घेणं नाही. त्यामुळे ज्या दिवशी मराठी येत नाही, त्या दिवशी अख्खा परिच्छेद रोमन अक्षरांच्या भेंडोळ्यात. समोर वारीहून किंवा कोळपेवाडीहून आलेला माणूस, तहसीलची खिडकी बंद व्हायला अर्धा तास. पुन्हा पहिल्यापासून टायपा.

स्टार्टअपमध्ये बघितलं तर सात मंडळी. त्यातल्या स्क्रीनशॉटच्या एका टूललाही एफ ९ च हवं होतं. ते न विचारता पूर्ण स्क्रीनचा फोटो काढून एका फोल्डरमध्ये टाकायचं. फोल्डर उघडला आणि मी गारच पडलो. शेकडो फोटो! लोकांच्या अर्धवट टाइप केलेल्या प्रतिज्ञापत्रांचे, नाव-पत्त्यांसकट. वारसांची भांडणंसुद्धा त्यात. मामांना दाखवलं तर ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "आधी हे पूस." सगळे उडवले, रिसायकल बिनसुद्धा रिकामा केला.

आता ठेवायचं कोणाला? आपण सहसा ‘जास्त काय वापरतो’ हे बघतो. मला ते पटत नाही. मामा स्क्रीनशॉटही रोज काढतात, व्हॉट्सॅपवर आलेला सातबारा कापून घ्यायला. पण ते करताना ते स्क्रीनकडेच बघत असतात. नाही चाललं तर लगेच कळतं. न बघता दाबायची कळ चुकली तर उशिरा कळतं, तोवर नुकसान झालेलं असतं. म्हणून स्टार्टअपमध्ये पहिला हक्क त्या कळेचा.

टायपिंगचं टूल राहिलं. ऑटोहॉटकीही ठेवलं, कारण त्यात फक्त संक्षेप आहेत. ‘ताको’ लिहून स्पेस दिली की पूर्ण तालुका-जिल्हा येतो (२०२४ मध्ये जिल्हा अहिल्यानगर झाला तेव्हा एकच ओळ बदलावी लागली म्हणे). ते कोणाची कळ अडवत नाही. प्रिंटर, स्कॅनर वगैरेंचे मदतनीस बंद. टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या यादीत राइट क्लिक करून डिसेबल, एवढंच काम.

स्क्रीनशॉटसाठी विंडोज, शिफ्ट आणि एस दाबा म्हटलं, विंडोजमध्ये ते आयतंच आहे. मामांनी तीन बोटं कीबोर्डवर ठेवून बघितली आणि म्हणाले, "एका कळेचं काम होतं रे."

शेवटी जुन्या टूलचा आयकॉन डेस्कटॉपवर ठेवून दिला. एफ ९ काढून घेतलंय त्याच्याकडून. डबल क्लिक करून उघडतात आणि दर वेळी माझ्या नावानं काहीतरी पुटपुटतात, असं मामी सांगत होती.